शेजारच्या सीटचा भार

गाड्या जमिनीला टेकवून चालवणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. चांगली स्पोर्ट्स कार घ्यायची, स्प्रिंगा कापून ती बेडकासारखी बसवायची आणि मग टायर आतूनच का झिजतात म्हणून माझ्या दारात यायचं. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, हा माझा धंदा. त्यामुळे मी तोंड वाकडं करतो, पण काम करतो. आमच्या धाकट्या बहिणीचा नवरा तसलीच एक जुनी गाडी घेऊन आला तेव्हाही मी तेच केलं.

जावईबुवा माणूस सरळ आहेत, फक्त नको तिथे हौशी. गाडी नुकतीच घेतलेली आणि पुढचं डावं चाक आत कललेलं. धाकटीने त्यांना बजावलं होतं की दादा ठीक म्हणत नाही तोवर मी त्यात पाय ठेवणार नाही. आई गेल्यावर तिला मीच वाढवली. मी हो म्हटलं की तिला दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही. म्हणजे ती त्या गाडीत बसणार की नाही, हे माझ्यावर होतं.

चाक थोडं आत कलण्यात वाईट काही नाही. खाली बसवलेल्या गाडीचं तर ते कलतंच. पण दोन्हीकडे सारखं हवं. मी यंत्र लावलं. उजवं चाक दीड अंश कललेलं होतं, डावं साडेतीन.

डावं चाक उतरवलं. टायरची आतली कड झिजून तारा दिसत होत्या, त्यात नवल नव्हतं. पण झिजलेल्या रबराची कोरडी भुकटी पडते. इथे ओलसर साल सुटत होती, भाजलेल्या कातडीची सुटते तशी. बोटाला चिकटली ती निघेना. गाडी कधीची उभी होती, तरी ती साल कोमट होती. साबण लावून लावून हात धुतले आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता घरी नेला.

नवा टायर घातला, डावं चाक दीड अंशावर आणलं, बोल्ट आवळले. आवळलेल्या बोल्टवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. बोल्ट कणभर फिरला तरी रेघ तुटते आणि खोटं पकडलं जातं. सकाळी शटर उघडून पाहतो तर डावं चाक पुन्हा साडेतीनवर. रेघ जशीच्या तशी.

बोल्ट न हलता चाक कलायला एकच साधं कारण असतं. त्या बाजूला वजन पडलेलं असतं.

मी काच पुसून आत पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर मीच ठेवलेली वाळूची पिशवी होती. असल्या गाड्यांचा कोन रिकाम्या गाडीवर लावत नाहीत, बसणाऱ्याच्या वजनाची पिशवी सीटवर ठेवून लावतात. शेजारची सीट मोकळी होती. बघू तरी म्हणून मी तिच्यावरही एक पिशवी ठेवली. चाक आणखी थोडं कललं, तेवढं कलायलाच हवं होतं. पिशवी उचलली तर ती खालून ओली आणि कोमट. जखमेवरची पट्टी बदलायची राहून गेली की जो वास येतो, तोच वास. सीट मात्र कोरडीठाक होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गळतीचं पाणी असेल म्हणून सीट दाबून बघायला हात घातला. तळवा सीटपर्यंत पोचायच्या आतच काहीतरी मऊ लागलं. पिकलेल्या गळवासारखं दबलं आणि हळूहळू परत वर आलं. मी हात असा मागे ओढला की कोपर दारावर आपटलं. दिसत काहीच नव्हतं.

जावईबुवांना फोन केला आणि सांगितलं, ही सरळ होणार नाही, जिथून आणली तिथे परत करा. बाकी काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर त्यांनी धाकटीला फोन देऊन माझी चौकशी करायला लावली असती. ते म्हणाले, आधीचा मालक तर एकटा जीव, एकटाच चालवायचा, गाडीला होणार काय? येतो, मला दाखवा.

ते आले तेव्हा मी गाडीखालच्या खड्ड्यात होतो. यंत्राचा पडदा मी तिथून दिसेल असा वळवून ठेवला होता. बोल्ट धड आहेत आणि तरी चाक कलतंय, एवढं दाखवून विषय संपवायचा होता. सवयीने मी खालूनच म्हणालो, "शेजारच्या सीटवर वजन ठेवा बघू."

वर थोडी हालचाल झाली. दार उघडलं, लागलं. गाडी दबली. साडेतीनचे चार झाले.

"ठीक. काढा आता."

दार उघडलं. आकडा उतरू लागला. साडेतीन. तिथे त्याने थांबायला हवं होतं.

तीन.

अडीच.

दीड.

दोन्ही चाकं सारखी झाली. नाकातला तो वासही गेला.

"दादा, आलं की सरळ," जावईबुवा वरून म्हणाले.

"पिशवी कुठे ठेवली तुम्ही?"

"पिशवी नाही घेतली. पिशव्यांना वास मारत होता. ही आली होती सोबत, तिलाच बसवलं. दादानेच सांगितलंय म्हटल्यावर बसली लगेच."

मी खड्ड्याच्या पायऱ्या चढून वर आलो. धाकटी गाडीपासून थोडी पुढे जाऊन उभी होती, पाठमोरी. तिचं डावं पाऊल घोट्यातून आत कललं होतं. अंग एकदम जड झालंय, असं काहीतरी ती नवऱ्याला सांगत होती.

जावईबुवांनी जाऊन तिचा दंड धरला. क्षणभराने तो सोडला आणि तिला दिसणार नाही असा हात पँटला पुसला.

ती माझ्याकडे वळली. चेहरा तिचाच होता, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. तिने हात पुढे केला.

"दादा, जरा धर ना."

मी तिथेच उभा राहून फडक्याला हात पुसत राहिलो.