दोनशे बारा पानं

"माझ्या बाबांना उद्या कामावरून काढणार आहेत. चोर ठरवून," एवढं बोलून मुलगी रडायलाच लागली.

वहिनींनी तिला पाणी दिलं. वहिनी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाई. सगळे त्यांना याच नावाने ओळखत. सोबत त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी नवीकोरी सरकारी पाण्याची टाकी कोसळली. नऊ माणसं गेली, त्यांत या मुलीचा धाकटा भाऊ. चौकशी समिती बसली, ती चार वर्षं बसूनच राहिली. दौरे झाले, भत्ते झाले, मुदतवाढी झाल्या. अखेर अहवाल आला तो लाखेचं सील मारलेल्या पाकिटात, वर 'गोपनीय'. तेव्हापासून तो मुलीच्या बाबांच्या ताब्यात, अभिलेख कक्षात. गेल्या महिन्यात कोर्टाने अहवाल मागवला. काल सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, तर आत नुसते कोरे कागद!

"सील शाबूत होतं?"

"हो. पण बाबांनी गेल्या महिन्यात खोटं सील करून पानं बदलली, असं म्हणतात."

वहिनी थेट अभिलेख कक्षात गेल्या. बाबांचे साहेब दारातच भेटले.

"मुलगा गेलेला माणूस," साहेब म्हणाले. "अहवाल पळवला असेल रागाने. आणि ही पाहा त्याची सही: 'दोनशे बारा पानं मिळाली.'"

"तुम्ही मोजली होती?" वहिनींनी बाबांना विचारलं.

"गोपनीय पाकीट कसं उघडणार, बाई? वरचा आकडा बघायचा आणि सही करायची. सगळे तसंच करतात." म्हाताऱ्याने खिशातलं मऊ फडकं काढून उगाच हातात धरलं. "सात वर्षं दर सोमवारी पुसत होतो ते पाकीट. माझं पोर कुणामुळे गेलं ते आत लिहिलंय, तेवढाच आधार होता."

वहिनींनी पाकीट हातात घेतलं.

"सांभाळून हं," भाऊजी म्हणाले. "मागून कीड लागलीय. बारीक भोक पडलंय बघा."

"तुम्हाला भूक सोडून भोकंही दिसतात तर!" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी तुटलेली लाख बराच वेळ न्याहाळली.

संध्याकाळी दोघं समितीच्या निवृत्त सचिवांकडे गेले. ते बागेत झाडांना पाणी घालत होते.

"तुमचं सील कच्चं होतं म्हणे. कुणीही नक्कल केली," वहिनींनी टोचलं.

"कोण म्हणतं?" सचिव उसळले. "पानं मी रचली, लाख मी ओतली. लाख ओली असताना कडेला अंगठा दाबायची माझी सवय आहे. करून दाखवा म्हणावं नक्कल!"

"आणि दोष कुणाचा निघाला?"

"ते गोपनीय आहे."

"बरं, टाकी किती खांबांवर उभी होती?"

सचिव नळी उचलून दुसऱ्या झाडाकडे गेले. "आता कुठलं आठवायला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. सचिवांनाही बोलावलं होतं.

"ही लाख बघा," वहिनी म्हणाल्या. "कडेला अंगठा आहे. सचिवसाहेब, तुमचाच ना?"

सचिवांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे सील खोटं नव्हतं, साहेब."

"पण वहिनी," भाऊजी म्हणाले, "पाकीट मागच्या बाजूने उघडलं असेल तर?"

"शाब्बास! त्याचं उत्तर तुमच्या किडीने दिलंय." वहिनींनी कागद पाकिटात सरळ बसवले आणि भोकातून सुई घातली. सुई पाकिटाच्या पाठीतून शिरली आणि सगळे कागद ओलांडून पहिल्या पानातून वर आली. "कीड हे कित्येक वर्षं पोखरत होती. पानं गेल्या महिन्यात घातली असती, तर भोक पाकिटालाच राहिलं असतं. हे कागद पहिल्या दिवसापासून आत आहेत. आणि ते रचले कुणी, हे तुम्हीच काल सांगितलंत, सचिवसाहेब. चार वर्षं चौकशी केलीत आणि टाकीला खांब किती, ते ठाऊक नाही. अहवाल चोरीला गेलाच नाही. तो लिहिलाच नव्हता."

सचिव खुर्चीत बसले. "आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलो हो. अहवाल दिल्याशिवाय समितीच्या भत्त्यांचं शेवटचं बिल मंजूर होत नव्हतं. 'गोपनीय' म्हटल्यावर कोण उघडणार, असं वाटलं."

साहेब उठून बाबांजवळ गेले. "सुटलात तुम्ही. उद्यापासून कामावर या."

मुलीने बाबांचा हात धरला. ते कोऱ्या कागदांकडे बघत होते. फडकं खाली पडलं होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"साहेब, मी चोर असतो तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "अहवाल निदान कुठेतरी असता."