ट्रॉलीतली डावी जागा

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगतो, कारण भुताची गोष्ट म्हटलं की लोक अमावास्या आणि पिंपळ शोधायला लागतात.

इथे तसलं काही नाही. जे घडलं ते उजेडात घडलं, चारचौघांच्या देखत. आणि माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं, म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

गाव इंझोरी. साल १९७४, थंडी सरत आलेली. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, आमचा सगळा मुलूख अकोल्यातच मोडायचा.

माझ्या मामांचं नाव देवमन. भूत या शब्दावरच त्यांचा राग. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला, तेव्हा घरातले गंडे-दोरे, ताईत, अंगारे सगळे गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मामा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. ते गाठोडं बुडताना त्यांनी पाहिलं होतं. "बुडालं ते बुडालं," असं म्हणायचे. गावात कोणाला झपाटलं-बिपाटलं की मामा हसत सुटायचे.

मामांचा जीव दोनच गोष्टींत. एक मामी, भागिरथा. आणि दुसरा चांद्या.

चांद्या म्हणजे त्यांचा पटाचा बैल. पांढराशुभ्र, कपाळावर काळा चांद. वासरू असतानाच त्याची आई मेली, तेव्हा मामांनी त्याला बोटानं दूध पाजून जगवला होता. शंकरपटात बैलजोडी हलक्या छकडीला जुंपून पळवतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडे पुष्कळदा जोडीतला एक बैल एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा असतो. चांद्याच्या जोडीचा पाखऱ्या हा रामरावांचा. रामराव गावातले मोठे शेतकरी, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. पाखऱ्या उजवीकडे चालायचा, चांद्या डावीकडे.

हे नीट ध्यानात ठेवा. बैलाची बाजू एकदा ठरली की जन्माची ठरते. जुवाला, गोठ्यात, हौदावरसुद्धा तो आपली बाजू सोडत नाही.

त्या वर्षी कामरगावकडे मोठा पट भरणार होता. पायी नेली तर जोडी थकायची. उघड्या ट्रॉलीत नेली तर वारा लागून अंग आखडायचं. आदल्या साली तसंच झालं होतं आणि जोडी पार मागे पडली होती. रामरावांकडे ट्रॅक्टर होता. म्हणून दोघं मालेगावला गेले, बैलं आणि छकडी सगळं आत मावेल अशी बंद ट्रॉली पाहायला.

लालसिंग नावाच्या मिस्त्र्याच्या आवारात दोन ट्रॉल्या उभ्या होत्या.

एक नवीकोरी. लोखंडी, पण वरून उघडी. ताडपत्री टाकावी लागली असती.

दुसरी जुनी. चारी बाजूंनी सागाच्या फळ्या, वर पत्रा. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतरता फळका व्हायचा, बैलानं चढून जावं असा. आत मधोमध आडवं लाकूड, दोन बैलांच्या दोन जागा, समोर छकडी ठेवायला मोकळी जागा. अगदी पटाच्या जोडीसाठीच बांधलेली.

"देवमन, आपली सोय झाली पाह्य," रामराव हरखले. त्यांनी टायरांना लाथा मारल्या, हूक हलवून पाहिला.

मामा आत चढले.

बाहेर टळटळीत दुपार, आत अंधार. उजवीकडची फळी बैलाच्या अंगानं घासून गुळगुळीत झालेली. डावीकडच्या कडीला दाव्याचा एक तुकडा लटकत होता... कापलेला.

मामांनी सहज खाली हात टेकला. डावीकडची तळाची फळी गरम होती.

उन्हानं तापली असेल, ते मनाशी म्हणाले. मग त्यांनी उजवीकडे हात लावला.

ती गार होती.

मामा खाली उतरले. चाकांकडे पाहत उभे राहिले. ट्रॉली डावीकडे झुकलेली होती. रिकामी ट्रॉली, आणि डावं टायर दबलेलं.

"डावीकडचा स्प्रिंगचा पाटा बसला असन. बदलून देतो," लालसिंग म्हणाला.

"कोणाची होती हे?" मामांनी विचारलं.

"रिसोडकडच्या एका पटवाल्याची."

"मंग त्यानं काहून इकली?"

लालसिंगानं हातातला पाना पुसला. जरा वेळ पुसतच राहिला.

"जोडीच राह्यली नाई त्याची," तो म्हणाला.

यापेक्षा जास्त तो बोलला नाही, आणि यांनी विचारलंही नाही. त्यानं डावा पाटा नवा घातला. ट्रॉली समतल झाली. रामरावांनी तीच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामरावांच्या अंगणात पाहिलं तर...

ट्रॉली पुन्हा डावीकडे झुकलेली.

रामरावांनी लालसिंगाला चार शिव्या हासडल्या आणि विषय संपला. बैलांना चढायची सवय व्हावी म्हणून फळका पाडला. पाखऱ्या सरळ चढला आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला.

मग चांद्या. त्यानं पुढचे पाय फळक्यावर ठेवले. मान आत घालून वास घेतला. आणि थांबला.

तो बुजला नाही, फुरफुरला नाही. हौदावर दुसरा बैल पाणी पीत असला की आपला बैल कसा निमूट बाजूला उभा राहतो, तसा तो उभा राहिला. जणू कोणी उठायची वाट पाहत होता.

मामांनी चुचकारलं, ढेप दाखवली, मागून ढकललं. चांद्या हलला नाही. मामी शेजारीच उभ्या होत्या.

"अवो, त्याची जागा भरेल हाये," त्या हळूच म्हणाल्या.

"कोणानं भरली? फळ्या हायेत तिथं!" मामा खेकसले.

रामराव हसले. "देवमन, तुले वाटत असन तर ट्रॉलीले लिंबू-मिरच्या बांधतो. तुमी लोक भूत मानत नाई, पण बैलाले कोठं मालूम हाये?"

लोक हसले. चेष्टाच होती, त्यात खोट नव्हती. पण मामांना ती झोंबली. आपण ज्या गोष्टीला जन्मभर हसलो, तिच्यापायी आपला बैल अडला म्हणायचं? तेही सगळ्या गावासमोर?

"लिंबू नको अन् काई नको," ते म्हणाले. "पटाच्या दिवशी याचे डोळे बांधून चढवतो. अंधार पाहून बुजला असन, दुसरं काई नाई."

मामींनी त्या रात्री पुन्हा विषय काढला. मामा कूस बदलून झोपून गेले.

पटाच्या दिवशी पहाटे मामांनी आपला दुपट्टा चांद्याच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याला आत नेलं. तो थरथरत होता, पण मामांचा हात मानेवर होता म्हणून गेला. डावीकडच्या कडीला दावं बांधलं, दुपट्टा सोडला, दार लावलं.

वाटभर मामा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून कान देत होते. ट्रॉलीत बैलं असली की खुरांचा आवाज येतो, शिंगं फळीला लागतात.

त्या दिवशी काहीच आलं नाही. खड्ड्यातून गेले तरी नाही.

मैदानावर पोचून मामांनी दार पाडलं आणि जागीच उभे राहिले.

पाखऱ्या आपल्या जागी होता. चांद्या मधल्या लाकडाला अंग घासून, दावं ताणून, जमेल तितका उजवीकडे सरकलेला. त्याच्या डावीकडे फळीपर्यंत हातभर जागा मोकळी होती. तिथला कडबा दबलेला. कोणी बसून उठावं तसा.

आणि चांद्याचं डावं अंग...

ओलं होतं. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केस वळणावळणानं फिरलेले.

बैल पाळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गोठ्यातला जोडीदार चाटतो तेव्हा केस असेच फिरतात. पण चांद्याच्या डावीकडे तर फळी होती.

मामांनी दुपट्ट्यानं ते अंग खसाखसा पुसलं. कोणाला दाखवलं नाही.

दुपारी जोडीचा नंबर आला. छकडीवर मामा स्वतः. पळायच्या आखलेल्या वाटेला दाण म्हणतात. त्या दाणीवर झेंडी पडली आणि जोडी सुटली. मामांनी तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, उचललीसुद्धा नाही. चांद्या असा पळाला की पाखऱ्या त्याच्या मागे ओढला जात होता.

पण मामांना त्याची मान दिसत होती. जोडीतला डावा बैल जोडीदाराकडे, म्हणजे उजवीकडे कान ठेवून पळतो. चांद्याची मान डावीकडे होती. डावीकडे, जिथे दाणीच्या बाहेर नुसती धूळ उडत होती. त्या धुळीतल्या कोणाच्या तरी पावलाला पाऊल लावून तो पळत होता.

घड्याळवाल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. आरोळी उठली. इंझोरीची जोडी पहिली आली होती! लोकांनी मामांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. मामा सांगायचे, तेवढा आनंद त्यांना त्यांच्या लग्नातही झाला नव्हता.

आणि त्याच आनंदात घात झाला.

सोडल्याबरोबर चांद्या आपला आपण ट्रॉलीकडे चालू लागला. डोळ्यांवर दुपट्टा नाही, कोणाचा हात नाही. फळका चढून तो आत गेला... आणि उजवीकडे उभा राहिला.

पाखऱ्याच्या जागी.

"पाह्य रामभाऊ! म्हणे बैल भेते!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "सोताहून चढला का नाई?"

"पण बाजू चुकला ना बे तो."

"आज त्याले सगळं माफ हाये."

पाखऱ्या मात्र आता फळक्याजवळही येईना. डोळे पांढरे करून मागे ओढत होता. शेवटी त्याला रामरावांच्या मेहुण्याकडे कामरगावातच ठेवलं, नंतर पायी आणू म्हणून. ट्रॉलीत एकटा चांद्या. दार लागलं आणि दोघं निघाले.

दिवस कलला होता. अर्ध्या वाटेत मामांना मागून आवाज आला.

रवंथाचा.

मामांना बरं वाटलं. दमलेला बैल रवंथ करतो म्हणजे सुखात आहे. ते डोळे मिटून ऐकत राहिले. करकर... करकर... त्याचा एक ठेका असतो, आणि चांद्याचा ठेका त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

मग त्यांचे डोळे उघडले.

ठेके दोन होते.

एक संपत आला की दुसरा सुरू व्हायचा. शेजारी-शेजारी. निवांत.

ट्रॅक्टर थांबव, एवढंच म्हणायचं होतं. रामराव हातभर अंतरावर बसले होते. पण थांबवून सांगणार काय? माझ्या बैलाजवळ कोणीतरी बसलंय? ज्याचं लिंबू सगळ्यांसमोर धुडकावलं, त्याला हे सांगायचं? मामा मडगार्ड घट्ट धरून बसून राहिले.

कारंजाकडचा फाटा मागे पडला. गावाजवळची बाभळीची रांग दिसायला लागली. तिथे एक ठेका थांबला.

थोड्या वेळानं दुसराही.

अंगणात मामी दिवा घेऊन उभ्या होत्या. गुलाल पाहून लोक जमले. मामांनी दार पाडलं.

चांद्या बसलेला होता. पाय मुडपून, शांत, तोंडात कडब्याची काडी. मान डावीकडे टेकवलेली, जोडीदाराच्या खांद्यावर टेकवतात तशी. फक्त तिथे खांदा नव्हता, आणि मान तरीही अधांतरी टिकलेली होती.

मामांनी हाक मारली. त्या हाकेनं मान खाली पडली.

चांद्या गार झाला होता.

ढोरांचे डॉक्टर म्हणाले, पळताना छाती फुटली. तसं होतंही. रामराव अंगणात बसून लहान पोरासारखे रडले. मामा रडले नाहीत. लोकांनी चांद्याला बाहेर काढलं तेव्हा ते ट्रॉलीच्या मागे उभे राहून चाकांकडे पाहत होते.

ट्रॉली रिकामी झाली होती. डावं टायर दबलेलंच होतं.

आता उजवंही दबलं होतं.

कुठेच झुकलेली नव्हती ती. सरळ, समतल उभी होती. भरल्या जोडीची ट्रॉली उभी राहते तशी.

रामराव म्हणाले, जाळून टाकू. मामांनी हात जोडले आणि ती मागून घेतली. घरामागे, कुडाच्या आडोशाला उभी केली. त्यानंतर मामांनी पटाचा बैल पाळला नाही. पण रोज दिवेलागणीला ते कडब्याची एक पेंडी घेऊन मागे जायचे, तिचे दोन भाग करायचे आणि आत दोन्हीकडे टाकायचे. सकाळी तिथे काडीही नसायची. गावातली मोकाट ढोरं खात असतील. दार मात्र लावलेलं असायचं.

मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं, "मामा, तुमी तर भूत मानत नाई ना?"

"नाईच मानत," मामा म्हणाले. "भूत-बित काई नसते."

मग बराच वेळ ते पेंडीची गाठ सोडत राहिले.

"पण माह्या बैलाले उपाशी काहून ठेवू?"

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ट्रॉलीचा पत्रा गंजलाय, फळ्यांना वाळवी लागलीय. मागच्या दिवाळीला मी इंझोरीला गेलो, तेव्हा मामींना चालवत नव्हतं. त्यांनी पेंडी माझ्या हातात दिली.

मी आत गेलो नाही. खरं सांगतो, धीरच झाला नाही. दोन भाग करून फळक्यावरच ठेवले आणि माघारी वळलो.

चार पावलं आलो असेन...

करकर. करकर.

आधी एक ठेका. मग शेजारी दुसरा.

आणि त्या दोघांच्या मधून, अगदी हळू, मामा बैलाला चुचकारायचे तो आवाज.