रिकामं पोतं कोणी फेकत नाही

सोमवारी दुपारी दीड वाजता हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या मुकुंदरावांच्या घाऊक दुकानात त्यांची मुलगी दीपश्री चपला काढून प्लॅटफॉर्म काट्यावर उभी होती. शेजारी गुळाच्या सात ढेपा आपली पाळी यायची वाट बघत होत्या. तेवढ्यात एक उंच, शिडशिडीत तरुण आत आला. त्यानं काट्याकडे बघितलं, मग काट्यावरच्या दीपश्रीकडे, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,

"उतरा. काटा तपासायचाय."

प्रेमकथेत नायकाचं पहिलं वाक्य याहून वाईट असू शकतं, पण फार नाही.

"एक मिनिट," दीपश्री आकड्यांवरची नजर न हलवता म्हणाली, "हा माझा पंचविसावा सोमवार आहे. अजून एकच राहिलाय."

तरुणानं मान डोलावली, जणू काट्यावर पंचवीस सोमवार काढणारी माणसं त्याला रोजच भेटतात. तो वजनमाप खात्याचा इन्स्पेक्टर होता. नाव सुमंत, राहणार धारवाडात, केलगेरीला.

सोमवारांची भानगड अशी, की तीन वर्षांपूर्वी दीपश्री एकशे एकोणीस किलो होती, आणि आता ती एकसष्ट होती. मधले अठ्ठावन्न किलो, म्हणजे जवळजवळ एक आख्खी बाई, भाकरी मोजून आणि पहाटे चालून चालून तिनं घालवली होती. बाई गेली, पण जाताना आपले कपडे इथंच टाकून गेली. पोटावर, दंडांवर, मांड्यांवर नुसती कातडी लोंबत राहिली. विद्यानगरच्या पी. यू. कॉलेजात ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. फळ्यावर लिहिताना तिचा हात थांबला तरी दंडाखालचं लगेच थांबत नसे, आणि पहिल्या बाकावरची मुलं समीकरण सोडून तेच बघत बसत. तेव्हापासून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज आले.

जादा कातडी ऑपरेशननं काढता येते, असं विद्यानगरातल्याच एका सर्जननं सांगितलं होतं. अट एकच: आधी वजन सहा महिने एका जागी ठरायला हवं. आता वजन दुकानाच्या काट्यावरच का करायचं, तर त्या घराण्याची रीतच होती ती. जन्मलेलं बाळसुद्धा आधी दुकानात आणून तोललं जाई. दीपश्रीनं एकदा बाथरूममध्ये ठेवायचा काटा आणला, तेव्हा अप्पांनी, म्हणजे मुकुंदरावांनी, तो उलटा करून बघितला आणि, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?" असं विचारून परत पाठवला.

सुमंतनं पिशवीतून खात्याची वजनं काढली, एकेक काट्यावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाला, की पन्नासच्या वर हा काटा एक किलो सातशे ग्रॅम कमी दाखवतोय.

अप्पा खुर्चीत बसले. कमी दाखवतोय म्हणजे ते गिऱ्हाइकाला जास्त देत होते. किती दिवस, कुणाकुणाला, देव जाणे. त्यांनी पाणी मागितलं, आणि आणल्यावर तेही नको म्हणाले.

"म्हणजे मी बासष्ट पॉइंट सात?" दीपश्रीनं विचारलं.

"मी काट्याबद्दल सांगू शकतो," सुमंत म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही."

त्यानं काट्याला शिशाचं सील ठोकलं आणि दुरुस्तीनंतर परत येतो म्हणून निघून गेला. दीपश्री त्या सीलकडे बघत राहिली. पंचवीस सोमवार... सगळे पाण्यात.

सर्जनना तिनं हे सांगितलं तेव्हा ते हसले. किलोभर इकडं तिकडं चालतं, तारीख घेऊन टाका, म्हणाले. पण दीपश्री पडली घाऊक व्यापाऱ्याची पोर. खोट्या काट्यावरचा आकडा तिच्या गळी उतरेना. काटा दुरुस्त झाला, सुमंतनं येऊन नवा शिक्का मारला, आणि तिनं पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते ऑगस्ट, आणखी सहा महिने.

या सहा महिन्यांत तिच्या कातडीवर घरादारानं इतकी चर्चा केली की तेवढ्यात एखादा तालुका जिल्हा झाला असता.

अप्पांचा विरोध व्यापारी होता. "दीपा, रिकामं पोतं कोणी फेकत नाही," ते म्हणाले. "उद्या माल आला तर भरायचा कशात?" यावर दीपश्री त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांनी समजूत काढायला विचारलं, की पोतं म्हटलेलं आवडलं नसेल तर पिंप म्हणू का. मग आणखी दोन दिवस गेले. आईचं, म्हणजे कुसुमताईंचं म्हणणं असं, की डाळीचं पीठ आणि हळद नेमानं चोळली तर सगळं आवळून येईल. चार आठवडे चोळल्यावर दीपश्री आवळली नाही, पिवळी मात्र झाली. सुलभाआत्याला ऑपरेशन हवंच होतं, आणि तेही लवकर, कारण बेळगावचं एक स्थळ दिवाळीत बघायला येणार होतं. कॉलेजच्या शिपायानं विरोधात मत दिलं. घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्यानं बाजूनं दिलं, आणि वर एका नातेवाईक डॉक्टरचा नंबरही.

"साकु," ती वैतागून म्हणायची, पुरे आता. पण हुबळीत साकु म्हटलं की वाढणारा आणखी एक डाव वाढतो.

या सगळ्यात एकच माणूस मत देत नव्हता. सुमंत. तो मात्र दर सोमवारी दुपारी यायचा. सील शाबूत आहे का ते बघायला, असं सांगायचा. शिशाचं सील आपण होऊन कुठं जात नाही हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो सील बघायचा, दीपश्री वजन करायची, तो तोंड फिरवून मिरचीच्या पोत्यांकडे बघत उभा राहायचा, आणि मग दोघं कोपऱ्यावर चहा प्यायची. त्याचं बोलणं सगळं त्या पहिल्या वाक्यासारखंच. एकदा तिनं विचारलं, की तुम्ही कधी हसता का हो. त्यानं विचार केला. "धाकटीच्या लग्नात हसलो होतो," तो म्हणाला. "फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून." दीपश्रीचा चहा नाकातून आला.

असे सोमवार गेले. आकडा बासष्ट पॉइंट सातवर खिळ्यासारखा बसला. ऑगस्टमध्ये सव्विसावा सोमवार झाला, दसऱ्याच्या सुट्टीतली तारीख पक्की करा म्हणून सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला, आणि दीपश्रीनं "कळवते" म्हणून तो ठेवून दिला.

त्या रविवारी ती हुबळी-धारवाड धावणाऱ्या चिगरी बसनं धारवाडला गेली. केलगेरीच्या तळ्याकाठी सुमंत छत्री घेऊन उभा होता. धारवाडची पिरपिर चालू होती. धड भिजवत नाही, धड कोरडंही ठेवत नाही... या माणसासारखाच पाऊस, असं तिला वाटलं. दोघं एका छत्रीखाली चालू लागली. छत्री तिच्याकडे जरा जास्तच कलली होती. त्याचा डावा खांदा भिजून काळा पडला होता.

"तुमचं मत काय?" तिनं एकदाचं विचारलं.

"कशाबद्दल?"

"तळ्यातल्या बदकांबद्दल. अहो, ऑपरेशनबद्दल."

"इल्लरी," तो म्हणाला, "नाही, मी त्यात पडत नाही."

"अख्खं हुबळी पडलंय त्यात. रिक्षावाल्यानं मत दिलंय. तुम्हीच तेवढे कोण मोठे लागून गेलात?"

तो तळ्याकडे बघायला लागला. मग तिचा संताप असा उसळला की ती तिथंच थांबली, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि दंड पुढं करून हलवला. "बघा. हात थांबला की नाही? हे अजून थांबलेलं नाही. आता तरी सांगा. सगळे सांगतात."

बाही वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो. अंगणवाडीतल्या पोरीसारखा हात पुढं, वर पाऊस, आणि समोर तो. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली... तोंड वाकडं होतं का, नजर पळते का. नजर पळाली नाही. त्यानं नीट, सावकाश बघितलं.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

तीन वर्षांत दीपश्रीला हे कुणी विचारलं नव्हतं.

"दंड? नाही."

"मग?"

"पोट," ती म्हणाली, आणि बाही खाली ओढून घेतली.

मग तिनं ते सांगितलं, तळ्याकडे बघत. पोटाची घडी खाली येते, तिच्याआड घाम साचतो, कातडी सोलवटते. रोज सकाळी ती अप्पांच्या जुन्या धोतराची पट्टी फाडून तिथं दुमडून ठेवते, पावडर घालते, आणि तरी तिसऱ्या तासाला अशी आग होते की ती टेबलाला टेकून वाकडी उभी राहून शिकवते. मुलांना वाटतं मॅडमची ती स्टाईल आहे. दोघं-तिघं तसंच उभं राहायलाही लागलेत. घरात कुणाला माहीत नव्हतं. कसं दिसतं यावर जेवताना वाद घालता येतो. हे काय ताटावर बसून सांगायचं?

छत्रीवर पाऊस टिपटिपत होता.

"सर्जन फेब्रुवारीतच हो म्हणाले होते," सुमंत म्हणाला. "परत मोजायला तुम्ही लागलात."

तिला आधी राग आला. मग तो कुठं ठेवावा ते कळेना. "ती एकशे एकोणीसवाली होती ना," ती हळूच म्हणाली, "ती चांगली होती हो. लग्नकार्यात सगळ्यांना हसवायची. चौथी पोळी मागताना तिला लाज नव्हती. आता ती कुणालाच नकोय. एवढी कातडीच काय ती उरलीय तिची... आणि तीसुद्धा मीच कापून टाकायची."

"माझं मत विचारलंत," सुमंत म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा सपाट नव्हता. "नको. करू नका."

तिला वाटलं, सहा महिने थांबून हे?

"चार तास बेशुद्ध करणार तुम्हाला. मला भीती वाटते. पण..." तो अडखळला, छत्रीची मूठ त्यानं दोन्ही हातांनी धरली. "पण ते मत नव्हे. भीती आहे, आणि ती माझी आहे. ती तुम्ही हिशोबात धरू नका."

दीपश्रीला घरातले सगळे आठवले, एकेक करून. भीती प्रत्येकाचीच होती. प्रत्येकानं ती सल्ला म्हणून तिच्या गळ्यात घातली होती. ही पहिलीच होती जी देणाऱ्यानं स्वतःपाशी ठेवली. तिनं छत्रीची दांडी त्याच्या बाजूला ढकलली, आणि परत बसथांब्यापर्यंत तिचाच उजवा खांदा भिजला.

दुसऱ्या दिवशी तिनं सर्जनना सांगितलं: पोटाचं काढा, दंड राहू देत. सर्जन म्हणाले, दोन्ही एकदमच उरकता येईल. आत्यानं तर अर्धवट काम म्हणून घर डोक्यावर घेतलं, स्थळ आधी दंडच बघणार, म्हणाली.

"दंड मला दुखत नाहीत," दीपश्री म्हणाली. "बघणाऱ्यांना दुखत असतील तर त्यांनी आपलं ऑपरेशन करून घ्यावं."

अप्पा यावर हसले, आणि पोत्याचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. एकशे एकोणीसवालीनं हेच उत्तर दिलं असतं, असं दीपश्रीला नंतर पोळी खाताना वाटलं.

ऑपरेशन झालं. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाका, त्यावर घट्ट पट्टा, आणि कंबरेत वाकून चालणं, जसं काही सारखं जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतोय. नवव्या दिवशी ती घरी पलंगावर टेकून बसली होती. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही, अशी ताकीद होती. आलंच, तर आधी उशी पोटाशी गच्च धरायची. अशा अवस्थेत सुमंत भेटायला आला, आणि त्यानं पिशवीतून एक पितळी घंटा काढून तिच्या उशाशी ठेवली. देवळात टांगतात तेवढी.

"हाक मारताना पोटावर ताण येतो," तो म्हणाला. "लहान मिळाली नाही."

दीपश्री फिसकन हसली आणि कळवळली. डोळ्यांतून पाणी आलं. घंटेला धक्का लागून ती वाजली, आई स्वयंपाकघरातून पळत आली, काही नाही असं कळल्यावर परत गेली. दीपश्रीनं त्याला दम भरला, की यापुढं एक अक्षर बोललात तर याद राखा.

"मग मी गंभीर बोलतो," असं म्हणून तो उठून उभा राहिला. शर्ट खाली ओढून नीट केला. त्याचे कान लाल झाले होते. "गेले आठ महिने मी—"

"थांबा," दीपश्री घाईघाईनं म्हणाली. "उशी द्या आधी."

त्यानं उशी दिली. तिनं ती दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरली. बिनबाह्यांचा जुना गाऊन होता, दंड उघडेच होते, आणि ते झाकायचं आपल्या ध्यानातही आलं नाही हे तिला आत्ता कळलं. आता राहू दे, असं तिनं ठरवलं. तिनं दात आवळले, श्वास धरला.

"हं. आता बोला."

"मला तुम्ही फार आवडता," सुमंत म्हणाला. "सील बघायला कधीच काही नव्हतं."

ती हसू यायची वाट बघत राहिली. आलं नाही. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, अप्पा फोनवर कुणाला तरी गुळाचा भाव सांगत होते, आणि हा उंच, वेंधळा, सपाट आवाजाचा माणूस घंटेशेजारी हात जोडल्यासारखा उभा होता.

दीपश्रीनं उशी बाजूला ठेवली, आणि त्याला बसायला पलंगावर जागा करून दिली.

"परत सांगा," ती म्हणाली.