वेशीतल्या काठ्या

"काठी इथं ठेवायची, मामा. मग बाजार."

पाटोद्याच्या वेशीत नवा पोलीस जवान उभा होता, धर्मराज. निजामाचं राज्य, आठवडी बाजार, अन् बाजारात काठी न्यायला मनाई. मागच्या साली डोकी फुटली होती ना! पण काठी द्यायची म्हणजे गड्यांना डोईचं पागोटं उतरवल्यासारखं वाटायचं. समोरच सीताफळांची पाटी मांडून बसलेली सत्यभामा गंमत बघत होती.

"न्हाई देत! काय करतो बे?" एक दांडगा गडी गुरगुरला.

आता जुंपणार, असं तिला वाटलं. पण जवानाचा आवाज चढायच्या जागी उतरला.

"लई देखणी हाय ओ काठी. तेल कोणतं पाजता हिला?"

गडी गडबडला. "क... करडीचं."

"तरीच! द्या, सावलीत ठेवतो."

अन् काठी त्याच्या हातात आलीसुद्धा! सत्यभामेला हसू फुटलं. त्यानं वळून बघितलं — तिच्या हातातलं सीताफळ निसटून पाटीत पडलं.

मग दर बाजारी तो पाटीपाशी यायचा.

"डोळे उघडलेलं, पिकलेलं द्या एक."

"फळाचे डोळे उघडायला चार दिस लागतात, जवान. तुमचे मात्र मिटतच न्हाईत!"

"राखणीचं काम हाय... मिटून कसं चालंल?"

तिचे कान तापायचे. पण काळजात एक धाकधूकही असायची. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी त्याला बजावलं होतं, 'वेशीत एक टोला पडला, की नोकरी गेली. जा तुझ्या गावी कड्याला, धर नांगर.' अन् कडा गाव काय जवळ होतं?

पाचव्या बाजारी तिनं अंबाड्यात शेवंती माळली. दिवस कलला, माणसं परतू लागली, धर्मराज एकेकाला काठी देत होता... डोळे मात्र शेवंतीवर.

तेवढ्यात आरोळी उठली. सत्यभामेचा बाप, मुंजाजी, हातात आलेली भलतीच काठी उगारून!

"माझ्या बापाची काठी हाय ती! बांध कोरलास, आता काठी बी चोरतोस व्हय रं?"

समोर त्याचा बांधशेजारी पंडित. हातात मुंजाजीची पितळी कडं घातलेली काठी. त्यानंही ती उगारली. "चोर कुणाला म्हणतो बे?"

गर्दी मागं सरली. सत्यभामेला अमीनसाहेबांचे शब्द आठवले. एक टोला... अन् धर्मराज गेलाच!

धर्मराज दोघांच्या मधोमध आला. स्वतःची काठी त्यानं खाली ठेवली अन् सरळ धुळीत मांडी घातली.

"चोर कुणी न्हाई, बाबा. काठ्या म्याच बदलल्या. मारायचं तर मला मारा."

बसलेल्या माणसावर हात कसा टाकायचा? मुंजाजी घुटमळला. "चार बाजार चुकला न्हाईस. आजच कावून?"

"नजर... दुसरीकडं होती."

"कुठं?"

आख्ख्या बाजाराला शांत करणारा गडी धुळीत बोटानं रेघा ओढू लागला. मान खाली, कान लालबुंद.

सत्यभामा उठली. पाटी सरकवून पुढं आली.

"माझ्याकडं होती, आबा." मग हळूच, "...अन् माझी त्यांच्याकडं."

पहिल्यांदा पंडितच खदखदून हसला. "मुंजाजी, टोला भलत्यालाच बसला की रं!" त्यानं काठी पुढं केली.

मुंजाजीनं ती घेतली. मिशीवरून हात फिरवला. "कुणाचा रं तू?"

"कड्याच्या भगवानरावांचा धाकटा."

"म्हंजी सोयऱ्यांतलाच की..." त्यानं पोरीकडं बघितलं. मग बापाची ती काठी धर्मराजच्या मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. येत्या सोमवारी घरी आणून दे. वडलांना संगं घेऊन."

सत्यभामेनं पाटीतलं सगळ्यात पिकलेलं सीताफळ उचललं अन् त्याच्या धूळभरल्या हातावर ठेवलं.

"नीट बघून या... पुन्हा दुसरीच काठी आणाल."

"नजर तर तुमच्याकडंच असंल," तो पुटपुटला.

"मग असू द्या की!"