भावजींच्या गाडीचे दिवे

नाव त्याचं काहीही असो, सगळे त्याला लख्खभाऊच म्हणत. गाड्यांचे धुरकटलेले दिवे घासून लख्ख करून देणं हा त्याचा धंदा आणि तीच हौस. लोक म्हणतात दिव्याची काच, पण असतं ते प्लॅस्टिक. ऊन खाऊन खाऊन त्यावर पिवळट साय धरते आणि मग दिवा असून नसल्यासारखा होतो.

त्या दुपारी त्याची ताई भावजींची गाडी घेऊन शेडवर आली. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली.

“यांना न सांगता आणलीय,” ती म्हणाली. “रात्री गोगलगायीसारखे येतात. समोरचं दिसेल तर ना! घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. कितीदा म्हटलं, भावाकडे न्या. आज नेतो, उद्या नेतो. शेवटी मीच उचलली.”

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,” लख्खभाऊ हसला.

त्याने दिव्यांच्या कडेने चिकटपट्टी लावली, पाणी मारलं आणि पॉलिश पेपर फिरवायला घेतला. दुधाळ पाणी ओघळू लागलं. मग त्याचा हात थबकला. बोटाला आडवे-उभे चरे लागत होते. हे काही उन्हाचं काम नव्हतं. खरखरीत पॉलिश पेपर घेऊन कुणीतरी दिवे खरवडले होते. ‘असेल कुणी अडाणी,’ असं मनाशी म्हणत त्याने आणखी मऊ पेपर घेतला. चरे निघाले, प्लॅस्टिक नितळ झालं. पॉलिश झाल्यावर उन्हापासून राखणारा लेप त्याने हलक्या हाताने दिला. लेपाचा उग्र वास शेडभर पसरला. वाळायला वेळ लागणार, तोवर बहीण-भाऊ आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलत बसले.

लेप सुकल्यावर उजेड तपासायला त्याने शटर खाली ओढलं. शेडमध्ये काळोख झाला. ताई गाडीत बसली, तिने दिवे लावले.

गाडीसमोरच्या भिंतीवर दोन शुभ्र गोल उमटले. कामाचं चीज झालं, असं त्याला वाटतंय तोच डाव्या गोलात त्याला एक सावली दिसली. माणसाची.

काहीतरी चिकटलं असेल म्हणून त्याने दिवा पुसला. सावली तशीच. त्याने दिव्यापुढे आपला हात धरला. हाताची भलीमोठी सावली भिंतीवर पडली, आणि तिच्या शेजारी ती दुसरी, स्तब्ध.

“ताई, तू खाली उतरलीस का?”

“नाही रे, गाडीतच आहे... का?”

भिंतीवरच्या सावलीने सावकाश एक हात वर केला. रस्त्याच्या कडेचा माणूस गाडी थांबवायला करतो, तसा.

“ताई... दिवे बंद कर.”

तेवढ्यात बाहेरून शटरवर थाप पडली. त्याने धडपडत शटर वर केलं. दारात भावजी उभे होते, धापा टाकत. गाडी शोधत चालत आले असावेत. त्यांची नजर चकाकणाऱ्या दिव्यांवर गेली आणि चेहरा उतरला.

“घासलेस?” त्यांनी हळूच विचारलं. “मग... दिसलं तुला?”

लख्खभाऊने मान डोलावली.

भावजी पायरीवर टेकले. “गाडी घेतली तेव्हा दिवे चांगले होते. रोज दिसायचं. उजेड संपतो ना, तिथं उभं. हात वर करून. आधी लांब होतं. मग रोज थोडं थोडं जवळ... शेवटी मीच दिवे खरवडले. त्यानंतर नाही दिसलं.”

“अहो, मला नाही सांगायचं?” ताई गाडीतून उतरत म्हणाली. “विकून टाका ही गाडी!”

“विकून कुणाच्या गळ्यात मारू?”

ताई म्हणाली, “मग दिवस मावळल्यावर ही बाहेर काढायची नाही. संपलं.” आणि भावाकडे वळून म्हणाली, “तू घास परत. होते तसे कर.”

लख्खभाऊने खरखरीत पेपर घेतला. आपल्याच हातचं काम आपणच नासवायचं, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ताजा लेप खरवडतानाही त्याने हात थांबवला नाही. दोन्ही दिवे पांढरेफटक होईपर्यंत तो घासत राहिला.

बाहेर अजून स्वच्छ ऊन होतं. भावजींनी गाडी मागे घेतली. शेजारी बसलेल्या ताईने हात हलवला, कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. लख्खभाऊनेही हात हलवला. गाडी हळूहळू मागे सरकत होती, दिवे त्याच्याकडेच तोंड करून.

आणि डाव्या दिव्यावरच्या त्या पांढुरक्या सायीत, तो बघत असतानाच, तळहाताएवढी जागा गोल गोल पुसली जाऊन नितळ झाली. वाफ धरलेल्या खिडकीतून बाहेर बघायला कुणी काच पुसावी, तशी.

आतून.