तुपाचं बोट

आप्पा शिरधनकर वसुबारसेच्या सकाळी गेले. टेबलावर चमकीच्या कागदात चॉकलेटचा अर्धा खाल्लेला शंख पडला होता. डॉक्टरांनी आप्पांची विस्फारलेली बुबुळं पाहिली.

"धोतऱ्याचं बी," ते म्हणाले.

साल १९८६. मांडवीत घरी चॉकलेटं करणारी एकटी सगुणा. विधवा बाई, मुंबईला नणंदेकडे शिकून आलेली. यंदा दिवाळीच्या भेटीच्या वीस पेट्या गावात गेल्या होत्या, त्यावर तिचं घर चालणार होतं. दुपारपर्यंत गाव म्हणू लागलं, सगुणेनं विष घातलान. गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

फौजदार महिपत सावंत तिच्या स्वयंपाकघरात आले. पेट्या पोचवणारा आप्पांचा पुतण्या शिवा तिथेच होता. शेजारच्या गोदाकाकीही होत्या. त्यांचे साच्यातले मोदक आणि दिवाळीचे लाडू मांडवीत घरोघरी जात. यंदा लोकांनी चॉकलेटं सांगितली.

"साचे कोण हाताळतं?" फौजदारांनी विचारलं.

"मीच, सायेब," सगुणा म्हणाली. "कोरड्या कापसानं पुसते. दुसरं काय लावत नाय. काल सकाळी शंख काढून ठेवले नि बाजारात गेले."

"शिवा, आप्पांच्या मागं त्यांची बाग तुलाच ना?"

शिवा पुढे झाला. "व्हय. म्हणून काय काकाला मारीन? पेटी बांधलेली मिळाली, तशीच दिली."

"गोदाकाकी, तुम्ही?"

"मी आपल्या फिती बांधल्या. साच्याला हात नाय लावला. हे असलं बापजन्मात केलं नाय."

फौजदारांनी तो अर्धा शंख नाकाशी धरला. मग शेजारी सगुणेचा एक शंख ठेवला. तो आरशासारखा चकचकीत. आप्पांचा मळकट, वर ओरखडे.

"सगुणाबाई, चॉकलेट वितळवा. तिघांनी एकेक साचा भरायचा. किती वेळ लागतो ते बघायचंय."

सगुणेनं साचा कापसानं पुसून भरला. शिवानं सरळ ओतलं, निम्मं ओट्यावर सांडलं. गोदाकाकींनी साचा पुढे ओढला, बोट शेजारच्या तुपाच्या वाटीत बुडवलं आणि साच्यातून फिरवलं.

"थांबा," फौजदार म्हणाले.

काकींचं बोट तिथेच राहिलं.

"आप्पांच्या शंखाला तुपाचा वास आहे. तुपानं चॉकलेटची चकाकी जाते, म्हणून सगुणाबाई साचा कोरडा ठेवतात. शिवाला तूप सुचलंसुद्धा नाही. साच्याला आधी तूप, हे मोदक करणाऱ्या हाताचं वळण. सगुणाबाई बाजारात गेल्यावर तुम्ही इथलाच एक शंख वितळवलात, त्यात बी वाटून घातलंत, पुन्हा साच्यात ओतलंत. फिती बांधताना तो पेटीत गेला."

गोदाकाकी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तीस वर्षं माज्या हातचं खाल्लानी ह्या लोकांनी. यंदा एकानं विचारलान नाय. कुणाचं तरी पोट बिघडंल, हिची चॉकलेटं बंद होतील, येवढंच मनात होतं. पेटी कुणाची ते बघितलंसुद्धा नाय. आप्पा भला माणूस होता वो."

सगुणेला रडू फुटलं. सुटल्याचं होतं, आणि ज्या काकीनं तिचं बाळंतपण केलं तिच्यासाठीही होतं.

काकींना नेलं. खरं काय ते संध्याकाळपर्यंत मांडवीभर झालं.

धनत्रयोदशीला पहाटे सगुणेनं दार उघडलं. बाहेरच्या ओट्यावर लोकांनी परत आणलेल्या एकोणीस पेट्या रचून ठेवल्या होत्या. एकाही पेटीची फीत सोडलेली नव्हती.