तिसऱ्या नळीचा काटा

मला कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी विचारते, रीडिंग कुठंय? केमिस्ट बाई दुसरं काय विचारणार! म्हणून हे सांगताना माझी मलाच लाज वाटते.

आखाडा बाळापूरच्या पुढं एका वाडीत आमचा पाणी गाळायचा प्रकल्प आहे. पत्र्याची शेड, आत सहा पांढऱ्या नळ्या, प्रत्येक नळीत गुंडाळी करून बसवलेला मेम्ब्रेनचा पडदा. तिथल्या विहिरीच्या पाण्यात हार्मोन सापडले होते. गोळ्या-औषधांतले, जनावरांच्या इंजेक्शनांतले. अगदी थोडे, पण आमचा पडदा तेही अडवतो. ग्यानबा मशीन सांभाळतो आणि त्याची बायको सुमनबाई शेड झाडते.

मी हिंगोलीहून रोज यायचे आणि जाताना त्याच पाण्याचा कॅन घरी न्यायचे. कारण अडतिसाव्या वर्षी, तीन वेळा गर्भ पडल्यावर, मला सहावा महिना लागला होता. दुसरं पाणी मी तोंडाला लावत नव्हते. एवढं जपत होते मी, एवढं!

सोमवारी तिसऱ्या नळीच्या दाबाचा काटा थरथरला. जरा थांबला, परत दोनदा थरथरला.

"हवा अडकली असंल," ग्यानबा म्हणाला. त्यानं हवा काढली. काटा पुन्हा हलला, आणि माझ्या पोटात लाथ बसली. योगायोग म्हटलं आणि चहा घेतला.

मंगळवारी मी स्टूल ओढून त्या काट्यासमोर बसले, मोबाईलवर वेळ लावली. दहा मिनिटांत काटा अकरा वेळा हलला. पोटात लाथाही अकराच. दर वेळी आधी काटा हलायचा, मग पोट.

मी हे कुणालाच सांगितलं नाही.

सुमनबाई झाडता झाडता थांबली. "बाई, पाण्यातून जे काढून घेता, ते जातंय कुठं?"

"पडद्याला चिकटतं. मग कॉस्टिक सोड्यानं धुऊन मागच्या खड्ड्यात सोडतो."

"ही तिसरी नका धुऊ."

"काहून?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

ती माझ्या पोटाकडं बघत राहिली. "तुमी मोकळ्या होईस्तोर नका धुऊ."

माझं डोकंच फिरलं. शिकलेल्या बाईनं काट्याला घाबरायचं? दाब वाढला की पडदा धुवायचा, हा नियम मीच लिहून भिंतीला लावलेला. आणि तिसऱ्या नळीचा दाब वाढलाच होता. खरं सांगू? मी घाबरले होते. धुतल्यावर काही होत नाही, हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं.

बुधवारी दुपारी मी ग्यानबाला म्हणाले, "कॉस्टिक सोड."

"मॅडम, आज राहू द्या की."

"सोड म्हणते ना!"

पंप घरघरला. काटा जोरजोरात हलायला लागला. पोटात लाथांवर लाथा, कधी नव्हत्या इतक्या. मी टेबल घट्ट धरलं.

"थांबव!" मी ओरडले. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

मग काटा थांबला.

मागच्या पाइपातून तपकिरी पाणी खड्ड्यात पडलं. धुतल्यावर एरवी कॉस्टिकचा वास येतो. आज बाळंतिणीच्या खोलीतला आला, दुधाचा.

"आता बराबर झालं, मॅडम," ग्यानबा म्हणाला. "काटा बिलकुल हलत न्हाई."

मी पोटावर हात ठेवला. डावीकडं ठेवला, उजवीकडं ठेवला. ग्लासभर पाणी प्यायले. परत वाट पाहिली.

खिडकीतून मागचा खड्डा दिसत होता. सुमनबाई काठावर उकिडवी बसून दोन्ही हातांनी आत माती लोटत होती. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि लेकरू पुरताना घालतात तसं मूठभर मीठ वरून टाकलं.